मनुकांचा वास

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज पुन्हा तेच! नव्या बीअरच्या चाचणीला ओर्विलनी ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले. "मनुका! लवंग! बेल्जियमच्या त्या बीअर बनवणाऱ्या साधूंनी आपल्या विस्कॉन्सिनमध्ये मठ काढला म्हणायचं!" झालं — टेबलाभोवती सगळे लगेच "हो हो, मनुका." मालक बोलला की सगळ्यांना वास येतो.

मला आला नाही. गोड लागली, शेवटी जराशी कडू, घशात ऊब. बस. साखरपाण्यात दारू घातल्यासारखी! यासाठी बेल्जियमहून यीस्ट मागवलं?

माझ्या कागदावर लिहिलं — वास नाही.

मंगळवार, ७

डेल माझ्या प्रयोगशाळेच्या दारात. ही बीअर त्याने बनवली, वर्षभर खपला तिच्यासाठी. "प्रोफेसरबाई, चार वर्षं कॉलेजात काय बाटल्यांची झाकणं हुंगलीत?"

सगळे हसले. मीही हसले. का हसले?

बुधवार, ८

हट्टाने मुकी चाचणी घेतली. कोणी बोलायचं नाही, आपापलं लिहायचं. फार थंड असली की वास दबतो, म्हणून ग्लास तळव्यांत धरून कोमट केला. पुन्हा पुन्हा हुंगला.

सगळ्यांच्या कागदांवर — मनुका. अर्थातच! दोन दिवस कानांवर तेच पडतंय. ही चाचणी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. स्वतःचाच राग येतोय.

गुरुवार, ९

झोप नाही. चवीच्या टेबलावर एकानेही नकार दिला तर बॅच विकायची नाही, ओतून द्यायची, असा ओर्विलच्या वडिलांपासूनचा नियम. आजवर कोणी दिलेला नाही. उद्या सही करायची.

पपा दुधाचा ट्रक लावून आत आले. "बीअर प्यायची असते गं, तपासायची नसते."

"मग खोटं लिहू?"

बूट काढता काढता थांबले. "आपल्या घरात तू पहिली शिकलीस. ते खोटं लिहायला नाही."

शुक्रवार, १०

नकारावर सही केली. ओर्विलनी कागद दोनदा वाचला. "पोरी, नक्की?"

"नक्की."

कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

टाकीचा कॉक डेलनेच उघडला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तपकिरी फेस जमिनीवरून गटाराच्या जाळीकडे. डेल बाहीने डोळे पुसत होता. मला म्हणाला, "जाता जाता वास तरी घे तिचा."

मी खरंच वाकले. खोल श्वास घेतला. काहीच नाही. म्हणजे माझंच बरोबर होतं!

शनिवार, ११

डेल कामावर आला नाही.

रविवार, १२

स्वयंपाकघरात टेबलाशी वाचत बसले होते. आई अंगणातून धावत आली, माझ्या पाठीमागची शेगडी बंद केली. तव्यात बेकनचा कोळसा झालेला, वर धुराचा लोट. "अगं, इतका जळका वास घरभर — इथे बसून तुला कळलं नाही?"

मी उठून कॉफीचा डबा उघडला, नाकाला लावला. मग लसूण सोलून हुंगला. मग पपांचा डिझेलचा कॅन.

आई हातात तवा घेऊन बघत उभी राहिली.