साठ किलोच्या आत

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.१०

झालं ते क्रमाने.

१. १ सप्टेंबरला वजन ६६.४.
२. १० नोव्हेंबरला ६१.९. दहा आठवड्यांत साडेचार किलो.
३. तेव्हापासून आजपर्यंत ६१.९. चार आठवडे झाले, आकडा हलत नाही. याला प्लॅटो म्हणतात.
४. रोजचं धावणं चार किलोमीटर. खाणं १४३० कॅलरी. दोन्हींत बदल नाही.
५. १० जानेवारीला जाम गावात महिला कबड्डी, ६० किलो वजनगट. आमच्या रमाई क्रीडा मंडळाची नोंदणी झाली आहे. आठ जणी. मी डावा कॉर्नर.
६. कॅप्टन रोशनी. आठवीपासून आम्ही एकत्र खेळतो. १८ जानेवारीला ती नवऱ्यासोबत सुरतला जाते आहे, कायमची. म्हणजे ही शेवटची टूर्नामेंट.

निष्कर्ष: १.९ किलो, पाच आठवडे. आठवड्याला ३८० ग्रॅम. सहज शक्य.

९ डिसेंबर, मंगळवार

मोहिनीने माझी खाण्याच्या नोंदींची शीट मागितली. मोहिनी माझी रूममेट, इथे सावंगीच्याच हॉस्पिटलात नर्स आहे, त्यामुळे तिला मत आहे. १४३० पर्यंत ती काही बोलली नाही. मग तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि 'ऑन ड्यूटी' म्हणजे काय ते विचारलं.

सांगितलं. माझं काम काटे तपासण्याचं आणि दुरुस्तीचं. किराणा, मिठाई, जिनिंग, कुठलाही काटा. काम झालं की दुकानदार काहीतरी पुढे करतो. नाही म्हटलं तर त्याला वाटतं मॅडम काट्यात खोट काढणार. तो घाबरतो, काम लांबतं. त्यामुळे ते खाणं कामाचा भाग आहे. नोंद करते, बेरजेत धरत नाही. आज हिंगणघाटला मिठाईचं दुकान, तीन काटे: समोसे दोन, बालूशाही एक.

मोहिनी म्हणाली, "अवं, पोटाले काय समजते तू ड्यूटीवर आहे म्हणून?"

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मापनशास्त्र नसतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वाचन केलं. प्लॅटोची तीन कारणं: शरीराची सवय, पाणी साठणं, स्नायू वाढणं. माझ्या बाबतीत तिन्ही असावीत. उपाय: उद्यापासून पाच किलोमीटर.

१३ डिसेंबर, शनिवार

२.६ किलोमीटर. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर कुत्री, तीन.

१६ डिसेंबर, मंगळवार

६१.९.

मूळ प्रश्न आज लक्षात आला. मी पाच आठवडे शरीर तपासते आहे, काटा कुठे तपासला?

ऑफिसची वीस किलोची प्रमाण वजनं बॅगेत होती, दोन. एक ठेवलं: २०.०. दोन ठेवली: ४०.०. मोहिनी म्हणाली, "झालं ना समाधान?" झालं नाही. ४० पर्यंत काटा बरोबर आहे इतकंच सिद्ध झालं. ६० च्या आसपास तो काय दाखवतो हे शास्त्रीयदृष्ट्या कुणालाच माहीत नाही. "मग तिसरं आण ना वं." तिसऱ्यासाठी फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणाचे चार पर्याय आहेत, 'वैयक्तिक' त्यात नाही.

२१ डिसेंबर, रविवार

जाम. शाळेमागच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस. मंडळाचे सेक्रेटरी नानाजी यांनी वजनाचा काटा बाहेर काढला होता. जुना स्प्रिंगचा, गोल तबकडीचा. वर्षातून एकदा याच सामन्यांसाठी निघतो, एरवी समाजमंदिरात सतरंज्यांखाली असतो. ट्रायल म्हणून सगळ्या चढल्या.

रोशनी: ५९.०.
मी: ६०.३.

दोनदा बघितलं. ६०.३.

रोशनी टाळ्या वाजवत म्हणाली, "आपल्या काट्यावर येत जाय वं आकांक्षा, तो मायेनं मोजते." बाकीच्या हसल्या. मापनात माया नसते. पण आकडा आकडा असतो. घरचा काटा १.६ किलो जास्त दाखवतो, हे आता स्पष्ट आहे. म्हणजे प्लॅटो नव्हताच. मी पूर्ण वेळ हलकी होत होते आणि मला कळवलं जात नव्हतं.

उरले ३०० ग्रॅम.

प्रॅक्टिसनंतर रोशनीच्या आईकडे रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे तुपात बुडवून देतात, अर्धवट बुडवण्याची पद्धत नाही. नवीन रकाना उघडला: 'संघभावना'.

२७ डिसेंबर, शनिवार

घरच्या काट्यावर ६२.२. दुरुस्ती (उणे १.६) धरून ६०.६. थंडीत शरीर पाणी धरून ठेवतं.

धावणं: दोन दिवस नाही. गुडघा (उजवा) सावध वाटला.

२ जानेवारी, शुक्रवार

संकल्प, कालपासून: साखर पूर्ण बंद.

आज गिरडला ड्यूटी. दर्ग्याच्या वाटेवरची दुकानं, सहा काटे. पायऱ्या चढले, ते व्यायामात धरलं. रेवड्या मिळाल्या. साखर आहे, पण घरी बनवलेली किंवा विकत घेतलेली नाही. संकल्पाच्या व्याख्येत बसत नाही.

४ जानेवारी, रविवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहिते.

परवा फोनवर नानाजी म्हणाले होते की हिंगणघाटचा संघ यंदा भारी आहे, "पोरी चांगल्या धिप्पाड दिसतात, पण बसतीन वजनात, आपला काटा हाये ना." तेव्हापासून डोक्यात होतं. आपण नियमात राहण्यासाठी चार महिने घालवायचे आणि समोरच्यांनी काट्याच्या कृपेने आत यायचं, हे बरोबर नाही. मंडळाच्या नावाने ऑफिसचा फॉर्म भरला, तिन्ही वजनं काढली, एसटीने जामला आणली. साठ किलो, दोन फेऱ्या.

वीस: १९.५. चाळीस: ३८.९. साठ: ५८.४.

काटा १.६ किलो कमी दाखवतो.

नानाजींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "माहीत हाये वं बाई. त्यावर काय धान मोजतो का आम्ही? पोरींसाठीच हाये तो. लग्न झालेल्या, लेकरं झालेल्या पोरी, वर्षातून एक दिवस खेळतात." मी म्हटलं, नानाजी, मोजमाप म्हणजे मोजमाप. ते म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्या मॅडम, तुमच्यापुढे काय बोलू," आणि चहा सांगायला गेले.

मग रोशनीने मला हाताला धरून गोलपोस्टपाशी नेलं. "राहू दे ना वं. सगळ्याइले सारखाच हाये तो." मी समजावलं की सगळ्यांना सारखी चूक ही सुद्धा चूकच असते. ती म्हणाली, "तुले समजून नाई राह्यलं का?" मी म्हटलं, मला समजतं, माझं कामच ते आहे. तिने माझा हात सोडला. मग एकटीच ग्राउंडला चकरा मारू लागली. बारा मोजल्या.

नियमाचं महत्त्व प्रत्येकीला वेगवेगळ्या वेगाने पटतं.

स्प्रिंग बदलली, स्क्रू बसवला, वर शिशाचं सील ठोकलं. साठला साठ. प्रमाणपत्र लिहून, सही करून तबकडीखाली चिकटवलं. स्वतः चढले नाही. दुरुस्तीनंतर काट्याला बारा तास विश्रांती द्यावी असं माझं मत आहे.

एक निरीक्षण: घरचा काटा १.६ जास्त दाखवतो आणि मंडळाचा १.६ कमी दाखवत होता. आकडा एकच आला. योगायोग म्हणून नोंद करते.

तिन्ही वजनं संध्याकाळपासून खोलीत आहेत, घरच्या काट्यापासून चार फुटांवर. मोहिनीने दोनदा तिकडे मान वळवून दाखवली. पण ती मंडळाच्या कामासाठी काढली आहेत. उद्या जमा.

९ जानेवारी, शुक्रवार

६१.७. उणे १.६ धरून ६०.१. उद्या सकाळी नाश्ता नाही, पाणी नाही. १०० ग्रॅम झोपेतच जातात. निश्चिंत आहे.

१० जानेवारी, शनिवार. दुपारी १२.४०

मी ६१.६.

दुसरा प्रयत्न, बूट काढून, ६१.१.

रोशनी ६०.६. बूट तिने आधीच काढले होते. मग बांगड्या, पैंजण, केसांचा क्लचर, सगळं ओढणीत बांधून माझ्याकडे न देता संघातल्या सरिताकडे दिलं. ६०.५. पंचांनी अर्धा तास दिला. दोन स्वेटर घालून ती ग्राउंडभोवती धावली. तिसरा आणि शेवटचा प्रयत्न: ६०.३.

हिंगणघाटच्या सगळ्या आत. सगळ्यात जास्त ५९.२. त्या धिप्पाड नव्हत्या, थंडीचे कपडे जाड होते.

नानाजी पक्कड घेऊन काट्यापाशी गेले होते. हिंगणघाटची कॅप्टन हर्षा म्हणाली, "काऊन बा नानाजी, आता काऊन हात लावता? मॅडमचं सर्टिफिकेट हाये ना त्याले." आणि तिने सही मोठ्याने वाचली. नाव, पद, लायसन्स नंबर. सील तोडलं तर प्रमाणपत्र रद्द होतं हे मीच खाली लिहिलं होतं. तेही वाचलं.

आठातून दोन गेल्या. मैदानात सात लागतात, सहा जणींचा संघ उतरवता येत नाही. रमाई क्रीडा मंडळ बाद.

रोशनी पायरीवर बसून एकेक बांगडी परत चढवत होती. मी जवळ गेले आणि सांगितलं की काट्यात दोष नाही. ती म्हणाली, "हो. बरोबरच मोजलं तू." मग उठून घरी गेली.

११ जानेवारी, रविवार

फायनल बघायला गेले नाही. मुद्दे:

साधन निर्दोष होतं. प्रक्रिया निर्दोष होती. रोशनीने तिचं खरं वजन मला कळवलेलं नव्हतं.

५९.० मधे १.६ मिळवले की ६०.६ होतात. हे मला ४ तारखेलाच करता आलं असतं. बेरीज एका ओळीची आहे.

१२ जानेवारी, सोमवार

फॉर्म भरला. चार पर्यायांच्या खाली पेनाने 'वैयक्तिक' लिहिलं. स्टोअरकीपरने न वाचता शिक्का मारला.

घरचा काटा, साठ किलो: ६०.०.

मोहिनीने आकडा वाचला आणि ड्यूटीची बॅग भरायला घेतली. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग 'ऑन ड्यूटी' आणि 'संघभावना' बेरजेत घेतले. रोजचे सरासरी २०४०. प्लॅटो म्हणजे हेच, समोसे धरून.

१३ जानेवारी, मंगळवार

रोशनीला तीन फोन केले. उचलले नाहीत. तिची आई म्हणाली सामान बांधून राह्यली, मग म्हणाली झोपली आहे.

मेसेजचा पहिला मसुदा दोन पानी, त्यात एक तक्ता. खोडला. दुसऱ्यात 'तथापि' चार वेळा. खोडला. तिसरा आज संध्याकाळी ५.२० ला पाठवला, प्रत इथे:

रोशनी,
काटा मी न्यायासाठी दुरुस्त केला नाही. मी हलकी झाले आहे हे खऱ्या काट्यावर सगळ्यांसमोर दिसावं म्हणून केला. तू मला बाजूला नेऊन सांगत होतीस तेव्हा मला ऐकू येत होतं.
शनिवारी १७ तारखेला सकाळी सात वाजता शाळेमागच्या ग्राउंडवर खेळायचं ठरवते आहे. बाकी सहा जणींना विचारलं, चौघी हो म्हणाल्या. सरिता म्हणाली रोशनी आली तर येते. रेषा मी आखून ठेवीन. वजन कुणाचं करणार नाही.
येशील का? शुक्रवारपर्यंत, १६ तारखेपर्यंत, कळव.
आकांक्षा