माळावरचा बिनरंगी नाकतोडा

१ सप्टेंबर १९७४, सोलापूर

पोचलो एकदाचा! गाडी तीन तास लेट, डब्यात शेजाऱ्याच्या कोंबड्या, आणि स्टेशनबाहेर धूळ अशी की सोलापूर दिसायच्या आधी तोंडात गेलं. तरी मन मात्र फार प्रसन्न आहे. टांगेवाला चांदसाब नावाचा, घोड्याइतकाच हाडकुळा. तोच यापुढे मला रानोमाळ फिरवणार, ठरवून टाकलं.

खोली नव्या पेठेच्या मागच्या बोळात, कापडाचे व्यापारी ईश्वरप्पा यांच्या माडीवर. गृहस्थ स्वभावाने बरे. पण कशाला आलात विचारल्यावर मी नाकतोडे ओळखायला म्हणालो, तर इतके हसले की डोळ्यांतून पाणी काढलं. सरकार याचा पगार देतंय व्हय, म्हणाले. गाढवाला गुळाची चव काय! त्यांच्या पत्नी महानंदाबाईंनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. भाकरी चावताना दाढ हलली, पण चटणी झकास. दोनदा मागून घेतली.

काम असं: जिल्ह्यातले नाकतोडे रूपावरून आणि राहण्याच्या जागेवरून ओळखता येतील अशी पुस्तिका करायची. आमचे डॉ. सबनीस निघताना सगळ्या प्रयोगशाळेसमोर म्हणाले, की आगाशे, तुम्ही टाचण्या उत्तम टोचता, शोधबिध तुमच्याच्याने व्हायचा नाही, तेव्हा नुसते डबे भरून आणा. सगळे फिदीफिदी हसले. ठीक आहे. एक नवी जात सापडू दे मला, फक्त एक. तिच्या नावात ‘आगाशे’ लागेल, आणि जगाच्या अंतापर्यंत सबनीसांना ते उच्चारावं लागेल.

५ सप्टेंबर

अक्कलकोट रस्त्याला ईश्वरप्पांच्या धाकट्या भावाचं, सोमलिंगचं, रान आहे. चार दिवस तिथेच. शेतकरी लोक! जन्म गेला नाकतोड्यांत, आणि सगळ्यांना एकच नाव: ‘टोळ’. मी म्हटलं, अहो, जरा डोळे उघडा. माझा नियम पोरालासुद्धा पाठ होईल: रंग दाखवा, घर सांगतो. रुईच्या झुडपावर पिवळ्यानिळ्या पट्ट्यांचा, भडक, लग्नातल्या बँडवाल्यासारखा, तो रुईवरचा. ज्वारीच्या ताटावर हिरवट, पंखांचा पत्ता नाही, ढिम्म बसलेला, तो ज्वारीवरचा बिनपंखी. बांधावरच्या गवतात लांबुडक्या तोंडाचा, पात्यासारखा. आणि नांगरटीत ढेकळाच्या रंगाचा, खरबरीत. जिथे राहतो तिथला रंग अंगावर घेतो, म्हणजे पाखरांना दिसत नाही. सोमलिंगने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पर सायेब, मारायचं औषध कुटलं?’ मी कपाळाला हात लावला.

रानाच्या पलीकडे एक उघडा माळ आहे. गवताची काडी नाही, नुसता मुरूम आणि जुनी फोडलेली खडी. तिकडून गुरं वळवायची झाली की ही मंडळी बांधावर थांबतात, गाडग्यातली गोवरीची राख घेतात आणि हातपाय, मान, तोंड पांढरंफटक करून मग माळावर पाय टाकतात. का, म्हणून विचारलं. सोमलिंग म्हणाला देवाचं हाय. त्याची बायको गुरम्मा म्हणाली खाज येत न्हाय. गडी म्हणाला सगळी लावत्यात म्हनून. तिघांची तीन उत्तरं! मलाही लावायला आले. राखेचे हात नमुन्याला लागले तर नमुना खराब होतो, म्हणून हाकलून दिलं.

९ सप्टेंबर

आज माळावर गेलो. हाफपँट, बूट, जाळी आणि शिकलेलं डोकं, एवढ्यावर. राख नाही.

तिथे निंगव्वा नावाची म्हातारी शेळ्या राखते. राख फासून बसलेली, पोटऱ्यांवर बारीक गोल खड्डे, रांगेने. देवीचे व्रण, दुसरं काय. अडाणी लोक लस टोचून घेत नाहीत. माझे उघडे पाय बघून ती ‘ब्याड, ब्याड’ करत ओरडायला लागली. कानडीत नको म्हणतात. मी न ऐकता पुढे गेलो, तर मराठीत म्हणाली, ‘मर मग!’ वा, काय आदरातिथ्य.

दुपारपर्यंत काही मिळालं नाही. डबा खाऊन तिथेच मुरुमावर आडवा झालो, छान डुलकी लागली. पायाला काहीतरी टोचल्याने जागा झालो आणि उशाच्या दगडाखाली बघतो तर: एक पिल्लू. नाकतोड्याचंच, पण रंग? मातीचा नाही. खडीचा नाही. गवत तर तिथे औषधालाही नाही. गव्हाळ, मऊसर, वर बारीक केसांची लव. असा नाकतोडा मी कुठल्याही संग्रहात पाहिलेला नाही. मारला नाही. पिल्लावरून जात ठरत नाही, पंख यायला हवेत. शेवटची कात टाकेपर्यंत जिवंत ठेवायचा. जाळीच्या पिंजऱ्यात घालून, मांडीवर घेऊन परत आलो.

सबनीस, आता बोला.

१४ सप्टेंबर

ज्वारी दिली, खाल्ली नाही. हरळी, रुई, कोबी, मेथी, काही नाही. तरी मरत नाही. उलट वाढतंय, एकदा कात टाकली. मी पिंजरा साफ करायला हात घालतो तेव्हा मात्र तोंड हलवत हातावर येऊन बसतं आणि उतरायला मागत नाही. माणसाळलंय बिचारं. हाताला जरा चुरचुरतं, घामाचं मीठ चाटत असावं.

महानंदाबाई झाडायला आल्या आणि पिंजरा बघून पांढऱ्या पडल्या. खाली जाऊन वाटीभर राख आणली, म्हणाल्या, ‘भाऊ, त्या माळावरचं हाय न्हवं? फेका की ते. आन् पायाला ही राख चोळा, आट दिस पाणी लावू नका.’ आठ दिवस आंघोळ नाही! सोलापूरच्या या उकाड्यात! मी म्हटलं बाई, हजार वर्षांच्या खुळचट रूढी माझ्यासमोर नकोत. त्यावर त्या म्हणाल्या हजार न्हाय, दोनच वर्सं झाली. बहात्तरपासनं.

वाटी खिडकीत ठेवून दिली. पेन्सिली उभ्या करायला बरी आहे.

१८ सप्टेंबर

चांदसाबला बहात्तरचं विचारलं. तो टांगा थांबवून बोलला, नाहीतर त्याचं तोंड आणि घोडं एकदमच चालतात. त्या दुष्काळात माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. शेकडो माणसं तिथेच राहायची, तिथेच निजायची. हिरवं पान म्हणून पाच कोसांत नव्हतं. म्हणाला, ‘साब, उस साल टोळां क्या खाते? सोचो तुमीच.’ एक बाई दुपारी निजली ती उठली नाही. नवरा उठवायला गेला, तर अंगावरची कातडी उठली आणि उडून गेली. थव्याने. खाली जे राहिलं ते त्याने बघितलं, म्हणून अजून वेडा आहे. तेव्हापासून राख. राख फासलेल्या अंगाचा रंग त्यांना ओळखू येत नाही, म्हणे.

मी पोट धरून हसलो. कातडी उडाली! या गावात गिरण्यांचे भोंगे जितके मोठे, तितक्याच थापा.

पण एक मुद्दा शास्त्रीय आहे. बहात्तर साली ते जगले कशावर?

२१ सप्टेंबर

सकाळी पिंजरा रिकामा. दार मीच नीट लावलं नसेल. गादी उचलली, कपडे झटकले, ट्रंक ओतली. कुठे नाही. रडकुंडीला आलो. नाव, जात, सबनीसांचं ते तोंड, सगळं गेलं असं वाटलं.

मग चहाचा कप उचलला आणि डाव्या मनगटाजवळ काहीतरी हललं. तिथेच होतं. किती वेळ बसलं होतं कोण जाणे. मी, वीस वर्षं नाकतोडे बघणारा माणूस, माझ्या स्वतःच्या हातावर बसलेला मला दिसला नाही!

चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं. माझ्या मनगटाजवळ एक तीळ आहे, जन्मापासूनचा. पिल्लाच्या पाठीवरही आहे. तेवढाच. परवापर्यंत नव्हता.

विलक्षण शोध आहे. मला आनंदच झाला पाहिजे.

२३ सप्टेंबर

पोटऱ्यांना खाज. ढेकूण असणार, या लोकांच्या बाजा म्हणजे ढेकणांच्या धर्मशाळा. गोल बारीक फोड, रांगेने. प्रत्येकाच्या तोंडावर वाळलेल्या फेसासारखं बूच.

महानंदाबाईंनी जिन्यावरून पाय पाहिले. रडल्या. उंबऱ्यात राखेचं घमेलं ठेवून गेल्या, म्हणाल्या अजून येळ हाय, राखेत पाय घालून बसा, आतलं वाळून जातंय, निंगव्वाचं गेलं तसं. पाण्याचा थेंब लावू नका. मी चिडून घमेलं लाथेने जिन्यावरून खाली उडवलं. ईश्वरप्पा खालून फक्त बघत होते. या वेळी हसले नाहीत.

निंगव्वाचे ते खड्डे. देवी पोटरीवरच तेवढी कशी येईल?

नाही. ढेकूणच.

२५ सप्टेंबर

आज रात्रीपर्यंत कात टाकेल. सायनाइडची बाटली समोर आहे. आत्ताच टाकावं का आत? भीती वाटते मला, लिहून टाकतो. पण पंखांशिवाय मेलं तर ते नुसतं पिल्लू. सबनीस म्हणतील, आगाशे, पोरकटपणा पुरे.

थांबतो. एकच दिवस.

खाज असह्य. खाली पाणी तापवायला सांगितलं, महानंदाबाईंनी नाही म्हटलं. स्वतः स्टोव्हवर तापवलं. बादलीत मीठ घालून गुडघ्यापर्यंत पाय सोडले. काय सुख वाटलं म्हणून सांगू! तासभर बसलो. राख म्हणे.

२६ सप्टेंबर

पंख आले! मादी. पूर्ण वाढलेली. पंख पातळ, गव्हाळ, त्यांच्यावर तळहातासारख्या रेषा. बाटलीत टाकली, मेली, टोचली. जगात पहिली. चिठ्ठीवर नाव घातलं: आगाशेई. तीन वेळा मोठ्याने वाचलं. सबनीसांना तारही लिहून ठेवली.

चिठ्ठीत एक रकाना राहिला. अधिवास.

माळ लिहिलं, खोडलं. रंग माळाचा नाही. माझाच नियम आहे: रंग दाखवा, घर —

उद्या लिहीन.

२७ सप्टेंबर, पहाटे

फेसाचं एक बूच टाचणीने काढलं. आत तांदळासारखे दाणे, तिरपे, ओळीने रचलेले. हजारदा पाहिलेत मी. उघड्या, घट्ट जमिनीत मादी भोक पाडते, अंडी घालते, वर फेस. जमीन कोरडी असेतो तशीच पडून राहतात. पाणी मुरलं की —

मी पाणी घातलं. मी स्वतः. ऊन पाणी, तासभर.

माळावर झोपलो होतो तेव्हाच. हाफपँट घालून.

खिडकीतल्या वाटीतली राख फासली. पुरेना. महानंदाबाईंना हाक मारली. पळत आल्या, ओंजळीओंजळीने चोळताहेत, तोंडाने शिवशिव चाललंय. मी बाईंना काय काय बोललो होतो — माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘राख भायेरच्यास्नी हाय, भाऊ. आतनं आल्याली कशी ओळख इसरतील?’

त्याच दिवशी फासली असती तर. त्याच दिवशी —

२७, दुपार

बुचं सगळी रिकामी. बाहेर आलेत. पण कुठे? पाय बघतोय, पाय नुसता पायासारखा दिसतो. दाबला तर दबत नाही, सरकतो.

दुखत नाही अजिबात. हेच भयंकर आहे.

चांदसाब दारापर्यंत आला आणि परत गेला. डॉक्टर आणतो म्हणाला. टांगा न घेता पळत गेला.

संध्याकाळ

मांडीपर्यंत. पोट. उजवा हात अजून माझा, असं वाटतं. डाव्या हातावर तीळ दोन झालेत — आता तीन —

महानंदाबाई, खोलीत येऊ नका. कुणी येऊ नका. येणाराने अंगभर राख फासावी. मला उठवू नये. हलवलं की उडतील.

सबनीसांना कळवा — चिठ्ठी भरली. नाव लागलं माझं, दोन्ही रकान्यांत. जात आगाशेई. अधिवास: दिगंबर आगाशे, वय बेचाळीस, रंग गव्हाळ — तिळाची खूण डाव्या —

हात लिहायचा थांबतोय. रंग अजून हलतोय. खिडकी कुणीतरी लावा, वारा आला तर सगळं —