डोळे आखलेले विमान

मी, मनस्वी हिरामण म्हात्रे, वय पंचवीस, शिक्षण बी.एस्सी., रोह्यातील एका रसायन कंपनीत प्रयोगशाळा सहायक, राहणार गडब, तालुका पेण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणी न सांगता लिहीत आहे. सोमवारी मुंबईत माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले. तीनदा सांगितले म्हणूनच लिहिते आहे.

१. बँकेतील बचत व भविष्य निर्वाह निधी माझी आई अनिता हिला मिळावा. त्यातून तिने आधी स्वतःचे दात करून घ्यावेत. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणू नये.

२. माझ्याकडे ओतीव धातूची, म्हणजे डायकास्ट, सात लढाऊ विमाने आहेत. प्रत्येक खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचे. याच झडपेमुळे मी हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाले. त्यानंतर पहिल्या पगारात पहिले विमान घेतले. यातली सहा विमाने गावच्या शाळेला द्यावीत. कपाटाला कुलूप नसावे. मुलींनी ती हातात घ्यावीत, पण पोटाखालून धरून. पंखाला धरून कोणीही उचलू नये. ओले फडके लावू नये. आई, चिंचेने घासू नकोस, ती पितळेची नाहीत.

३. चुलतभाऊ प्रविण सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मनू, रुखवतात मांडायला बरी हायेत." त्याला विमान नाही. मात्र रक्त द्यायला तोच सर्वांत आधी तयार झाला, म्हणून माझे बारीक स्क्रूड्रायव्हर आणि भिंग त्याला.

४. सातवे विमान, स्पिटफायर, माझे वडील हिरामण यांना मिळावे. बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतात. माझ्या एका विमानाच्या नाकावर बनवणाऱ्या कंपनीनेच डोळे आणि दात रंगवलेले आहेत. दिवाळीनंतर बाबांनी ते पाहिले, शेजारचे स्पिटफायर पाहिले, आणि हे अर्धवट राहिले असे त्यांना वाटले. मी शिफ्टवरून आले तर म्हणाले, "याचं डोळं राहिलं व्हतं गो. आंधळा उडंल कसा? आखून दिलं."

मूर्तीचे असतात तसे लांब, शांत डोळे. संग्राहकांच्या लेखी विमान बाद झाले. मी म्हणाले, "तुमच्या हातानं वाटोळं केलंत." त्याच हाताच्या कमाईवर मी घरातली पहिली पदवीधर झाले, हे मला तेव्हाही माहीत होते. तेव्हापासून बाबा माझ्या खोलीत आलेले नाहीत. तो रंग कोणीही खरवडू नये.

५. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून माझ्या शाळेतल्या वृंदा जोगळेकर बाई काम पाहतील. त्या साक्षीदारही आहेत. दुसरा साक्षीदार मिळेना. बाबा हात धुऊन, पेन घेऊन आले. "मी करतो सही, आण इकडं." ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे बाईंनी बजावले होते. मी फक्त "नको" म्हणाले. कारण सांगितले असते तर कलम चारही सांगावे लागले असते. बाबा "बरा" म्हणून ओटीवर गेले. आईला म्हणाले, "राग हाय अजून तिचा."

हे ऐकून मी ऑपरेशनला जाऊ शकत नाही.

दुरुस्ती, त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता: कलम चार रद्द. ते विमान आता माझ्या मालकीचे नाही. मी ते ओटीवर नेऊन बाबांच्या हातात दिले आणि कलम चार वाचून दाखवले. बाबांनी विमान उजेडाकडे फिरवले. म्हणाले, "डावा जरा वर गेलाय. सोमवारनंतर सारखा करू." मी हो म्हणाले. बाबांनी ते पोटाखालून धरले होते.

आता या कागदावरून बाबांना काहीही मिळत नाही. कलम चारवर रेघ मारून बाजूला आम्ही तिघांनी सह्या केल्या आहेत.

ठिकाण: गडब, ता. पेण, जि. रायगड
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२६

लिहून देणार: मनस्वी हिरामण म्हात्रे (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केल्या:
साक्षीदार १: वृंदा जोगळेकर, पेण (सही)
साक्षीदार २: हिरामण म्हात्रे, गडब (सही)