निकिताच्या नावे भिंगारचे घर

मी बिभीषण सहादू बगाडे, वय ६९, पूर्वीचा धंदा शिवणकाम, राहणार भिंगार, जि. अहिल्यानगर, माझ्यामागे तंटा नको म्हणून हे राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे. शरीर थकले आहे, त्याचा या लिखाणाशी संबंध नाही.

१. पत्नी चांगुणा पूर्वीच वारली. माझ्यामागे दोघे : थोरला मुलगा कल्याण, राहणार सावेडी, आणि धाकट्या कै. ओंकारची पत्नी निकिता. ओंकार अपघातात गेला तेव्हा लग्नाला वर्षही झाले नव्हते. तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे.

२. भिंगारचे दोन खोल्यांचे घर व पुढचे दुकान मी लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवून मिळालेल्या पैशातून घेतले आहे. ते स्वकष्टार्जित असून संपूर्ण निकिताला द्यावे. तिने दुसरे लग्न केले तरी तिचेच राहील. पुढे वाद नको म्हणून कारणही लिहितो.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, पोटाला शौचाची पिशवी लागली, मग केमो. त्यानंतर आंघोळ केली तरी दम लागे. डॉक्टर म्हणाल्या की हा थकवा झोपून जाणार नाही. रोज भरभर चाला, दम वाढावा पण बोलता यावे इतके. मला पटले नाही. सगळा जन्म मशीनवर बसून गेला, आता कुठे चालायचे? दुसऱ्या दिवशी उजाडताच निकिताने माझे बूट दारात काढून ठेवले.

छावणीतल्या झाडांच्या रस्त्याने आम्ही जायचो. सुरुवातीला मी पहिल्या कोपऱ्यावरूनच परत फिरे. हळूहळू जरा बरे वाटू लागले, आणि तेवढ्यात एके दिवशी रस्त्यातच पिशवी सुटली. कपडे भरले. समोरून ओळखीची माणसे येत होती. मी खाली बसलो आणि म्हणालो, "पोरी, मला घरी ने. उद्यापासून मी न्हाई येनार."

तिने आपली ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली. "घरीच जाऊ, आबा. पन चालत जाऊ. रिक्षा केली तर तुमी परत कधी निघायचे न्हाई."

चालत आलो. ती ओढणी तिने मला धुऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो.

३. तरुण विधवा सून सासऱ्याबरोबर रस्त्याने हिंडते, असे लोक बोलू लागले. कल्याणने येऊन तिला राहात्याला माहेरी जायला सांगितले. तिच्यामागोमाग मीही राहात्याला जाईन, असे मी त्याला सुनावले. नंतर तो वर्षभर फिरकला नाही. त्याचा राग मनात आहे, पण तो कोणाच्या नावे करत नाही. माझ्याबरोबर नेतो.

४. बँकेतली ठेव दोघांत निम्मी. शिलाई मशीन, कात्री, इस्त्री निकिताची. पिशवीवर घालायची सुती कव्हरे मी शिवून पेटीत ठेवली आहेत. ती दवाखान्यात नेऊन द्यावीत, नव्या माणसाला उपयोगी पडतील.

५. आजार आता यकृतात उलटला आहे. फिरणे अंगणापुरते राहिले. एवढे चालून काय मिळाले, असे कोणी निकिताला ऐकवू नये. त्या चालण्याने मी पुन्हा दुकानात बसलो, गिऱ्हाइकांशी भांडलो, बाजारात जाऊन स्वतः भाजी आणली. दहाव्याला जेवणावळ नको.

६. कल्याण, हे कलम तुझ्यासाठी. हा आजार घराण्यात उतरू शकतो. मुलांनी चाळिशीला आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी असे डॉक्टरांनी बजावले होते. मी निरोप पाठवले, तू गेला नाहीस. चाळिशी तू ओलांडलीस. तुला दवाखान्याची भीती वाटते, लहानपणापासून वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझ्याबरोबर जाशील का, असे मी निकिताला विचारले. ती म्हणाली, "भावजींना म्हनावं, रिकाम्या पोटी या. मी दवाखान्याच्या दारात थांबते."

तेव्हा जा.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

बिभीषण सहादू बगाडे

साक्षीदार :
१. भिमाजी लक्ष्मण साळवे, शेजारी, भिंगार
२. डॉ. राजनंदिनी गुगळे, अहिल्यानगर

ठिकाण : भिंगार
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५