नानांच्या गाडीवरची अक्षरं

नाना, परवा आपल्या दोन्ही गाड्यांवर अक्षरं लावून घेतली. तेव्हापासून तुम्हाला हे सांगायचं म्हणते आहे, आज दुपारी घरात कोणी नाही म्हणून वही काढून बसले. तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. तुमची निळी गाडी केव्हाच भंगारात गेली, पण काम बंद पडलं नाही. ते मी बघते. एकाच्या दोन गाड्या झाल्या. एक इथे जळगावात फिरते, दुसरी धुळ्याला असते. दोन्ही संडासच्या टाक्या उपसतात. बघा, सुरुवातीलाच लिहून टाकलं. एके काळी हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी नववीत होते. तुम्ही एरंडोलकडचं गाव सोडून जळगावात आलात, आधी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवलात, मग जुना टँकर घेऊन त्याला मागे पंप आणि हत्तीच्या सोंडेएवढा पाइप बसवून घेतलात. गावाच्या कडेला पिंप्राळ्यात नव्या कॉलन्या उठत होत्या, गटारं आलेली नव्हती, प्रत्येक घरामागे टाकी होती आणि ती भरली की लोकांना कोणाला बोलवावं ते कळत नव्हतं. म्हणून तुम्ही पेंटरचाचांकडून गाडीच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीची अक्षरं काढून घेतलीत. पिवळ्यावर काळी, कारण चाचांचं म्हणणं होतं की हे लांबून दिसतं. ‘संडासची टाकी साफ करून मिळेल’ आणि त्याखाली आपल्या घरच्या फोनचा नंबर. रंग ओला असतानाच तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि म्हणालात, ‘शुद्धलेखन देख बरं.’ मी पाहिलं. एकही चूक नव्हती. तुम्ही गाडीभोवती दोनदा फिरलात, लग्नातल्या नवरदेवाच्या बापासारखे.

त्याच महिन्यात शाळेची टाकी भरली. मधल्या सुट्टीत मैदानात डबे उघडून बसलो होतो आणि फाटकातून तुमची गाडी आत आली. मुलींनी नाकाला रुमाल लावले. कोणीतरी मोठ्यानं अक्षरं वाचायला लागली, मग नंबर वाचायला लागली, आणि माझी शेजारीण, जिच्या वहीत मागच्या पानावर आमच्या सगळ्यांचे फोन लिहिलेले होते, ती म्हणाली, ‘अगं, हा तर हिच्या घरचा नंबर!’ अजून मला तो क्षण तसाच दिसतो. तुम्ही केबिनमधून उतरता आहात, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, मैदानभर नजर फिरवता आहात, मी दिसते, आणि तुम्ही हात वर करता. मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागते. नाडी सुटलेली नव्हती. मान वर केली तेव्हा तुम्ही पाठ फिरवून पाइप जोडत होतात आणि त्यानंतर काम संपेपर्यंत एकदाही माझ्या बाजूला पाहिलं नाहीत.

संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखी मागच्या मोरीवर दोनदा साबण लावून अंघोळ केलीत, मग स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. आई भाकरी थापत होती. मी कोपऱ्यात रडत होते. ‘कसाले रडी ऱ्हायनी?’ तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, ‘गाडीवरची अक्षरं पुसा. नाहीतर मी शाळेत जाणार नाही.’ आईचा हात परातीतच थांबला. ‘त्याच गाडीवर तुनं पोट भरस,’ ती कडाडली. तुम्ही तिला म्हणालात, ‘तिले बोलू नको.’ बस, एवढंच. मग जेवलात, ताट धुऊन ठेवलंत. रविवारी सकाळी तुम्ही निळ्या ऑइलपेंटचा डबा आणलात आणि स्वतःच्या हातानं ती अक्षरं झाकलीत. मी खिडकीतून बघत होते. चाचांच्या हाताची सफाई तुमच्या हातात नव्हती. ब्रशचे फराटे उठले होते. पहिल्यांदा ‘संडास’ गेलं, शेवटी नंबर. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि त्या विषयावर तुम्ही किंवा मी पुन्हा कधी बोललो नाही.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते एकदाच, आणि तेही वेगळ्याच कारणानं. बारावीची परीक्षा झाली होती. चोपड्याला एका बंगल्याचं काम होतं आणि तुम्ही मला बरोबर नेलंत. सातपुडा जवळून बघायचा म्हणून मी आले. टाकी उपसून झाली, पण तळाशी गाळ घट्ट बसला होता, पंपाला येत नव्हता. घरमालक म्हणाला, ‘तुमच्या माणसाला बादली घेऊन आत उतरवा ना, वरचे पैसे देतो.’ आपले हेल्परकाका चप्पल काढायलाच लागले. तुम्ही त्यांच्या दंडाला धरून मागे ओढलंत. ‘माणूस आत उतरणार नाही. पाणी सोडा, गाळ भिजू द्या, परवा परत येतो.’ मालक नको नको ते बोलला. तुम्ही पाइप गुंडाळलात आणि निघालात. रस्त्यात मी आपलं सहज म्हटलं, ‘नाना, दहा मिनिटांचं तर काम होतं. काका उतरले असते.’ तुम्ही केळीच्या बागांच्या कडेला गाडी उभी केलीत. ‘तू उतरशी का?’ मी ‘नाही’ म्हटलं. ‘मंग दुसराले कसाले सांगस?’ तुमचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मग तुम्ही शांतपणे सांगितलंत की टाकीत वारा नसतो, दिसत नाही असा वायू असतो, माणूस वाकून आत डोकावतो आणि वर येत नाही. पुढच्या गावात तुम्ही आम्हा दोघांना उसाचा रस पाजलात. हेल्परकाका आज जळगावची गाडी चालवतात, नाना. त्यांचे केस पांढरे झाले, पण हा किस्सा सांगताना अजून स्वतःचा दंड धरून दाखवतात.

आता अक्षरांचं कसं निघालं ते ऐका. इतकी वर्षं मीही गाड्या कोऱ्याच ठेवल्या होत्या. ओळखीवर काम मिळतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. मागच्या मे महिन्यात हेल्परकाका पिंप्राळ्यात एका गल्लीत शिरले तर बायका हंडे, कळशा, नळ्या घेऊन धावत आल्या. नळाला आठ दिवस पाणी नव्हतं, त्यांना वाटलं पाण्याचाच टँकर आला. एका आजीनं तर मागच्या व्हॉल्व्हला हातही घातला. काकांनी उडी मारून तिला अडवलं. घरी येऊन ते मला म्हणाले, ‘ताई, मी तीस वर्षांत कधी घाबरलो नाही, आज घाबरलो. गाडीवर लिहा काहीतरी.’ मी हसले, पण रात्रभर ती आजी डोळ्यांसमोर राहिली.

म्हणून पेंटरचाचांना शोधत गेले. दुकान त्याच जागी आहे, पण आता त्यावर रेडियम आणि नंबरप्लेट असं लिहिलंय. चाचांचा मुलगा आणि सून कॉम्प्युटरवर अक्षरं कापतात. चाचा दारात खुर्चीवर बसलेले असतात. हात थरथरतो, ब्रश सुटून पंधरा वर्षं झाली. मी तुमचं नाव सांगितलं तर एकदम सरळ झाले. ‘नानांची बेटी? अगं, नानांची पाटी मी दोनदा नवी करून दिली!’ मी विचारलं, कुठली पाटी? तुम्ही तर सगळं पुसून टाकलं होतं. चाचा म्हणाले, ‘पुसल्यावर आठच दिवसांनी आले होते. त्याच अक्षरांच्या पत्र्याच्या दोन पाट्या करून घेतल्या, वर कड्या लावलेल्या. सकाळी कॉलनीच्या बाहेर गेले की गाडीला अडकवायचे, संध्याकाळी वळणावर थांबून काढायचे, सीटच्या मागे ठेवायचे. मी म्हटलं, नाना, रोज रोज हा खटाटोप कशाला? तर म्हणाले, पोरगी दहावी होईपर्यंतच. मग तुझी दहावी झाली, बारावी झाली, तुझं लग्नही झालं. त्यांची सवय काही सुटली नाही.’

चोपड्याला गेलो त्या दिवशीसुद्धा त्या पाट्या माझ्या पाठीमागेच असणार, आणि मी शेजारी होते म्हणून दिवसभर तुम्ही त्या बाहेर काढल्या नाहीत. किती वर्षं, नाना? उन्हात पत्रा किती तापत असेल. घरी येऊन आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, ‘माले मालूम व्हतं. तू कधी इचारंच नही.’

चाचांची सून हुशार आहे. तिनं मला पडद्यावर तीन नमुने दाखवले. एकावर हिरवं पान होतं, एकावर हसणारा थेंब, आणि मजकूर इंग्रजीत, सॅनिटेशन सोल्युशन्स वगैरे. ‘असं चांगलं वाटतं, ताई. हल्ली सगळे असंच करतात,’ ती म्हणाली. मी म्हटलं, आजीबाईला कळलं पाहिजे. मग माझ्या सांगण्यावरून तिनं टाइप केलं: ‘संडासची टाकी मशीनने उपसून मिळेल. माणूस आत उतरत नाही.’ दुसऱ्या ओळीवर ती थबकली. ‘हे पण लिहायचं?’ चाचा दारातून ओरडले, ‘लिही! ते मोठं लिही!’ आणि रंग कोणता हेही त्यांनीच ठरवलं. धुळ्याची गाडीही त्याच दिवशी बोलावून घेतली. सून आणि तिचा नवरा दोघांनी मिळून फडक्यानं बुडबुडे काढत काढत अक्षरं चिकटवली. हेल्परकाकांनी मोबाइलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. त्यातल्या दोघांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझी मुलगी आता आठवीत आहे. मी मनाशी तयारी करून ठेवली होती, तिला काय सांगायचं, कसं समजवायचं. ती शाळेतून आली, दारात उभी असलेली गाडी पाहिली, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून सगळं वाचलं आणि म्हणाली, ‘मम्मी, नंबर लहान झालाय. मागून येणाऱ्याला दिसणार नाही.’ आणि जेवायला काय आहे म्हणून आत गेली. मी अंगणात एकटीच हसत उभी राहिले. तुम्ही असतात तर तिला गाडीभोवती दोनदा फिरवलं असतं.

ही वही मी कपाटात ठेवीन, तुमच्या लायसन्सच्या खाली. कोणी वाचणार नाही, म्हणून हेही लिहिते. काल एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारच्या बाई चांगल्या बोलक्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘तुमचा व्यवसाय काय असतो?’ मी म्हटलं, ‘गाड्या आहेत आमच्या.’ ‘ट्रॅव्हल्सच्या का?’ त्या म्हणाल्या.

नाना, मी ‘हो’ म्हणून मान हलवली.