आरशामागची खोली

प्रिय ताई,

तुझ्या लेकाचा फोन आला होता. आपल्या त्या जुन्या व्हॅम्पायरच्या सिनेमाची प्रत दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणताहेत, खेळाआधी नायिकेचा सत्कार आहे, आणि नायिका म्हणून मी जावं असं तू म्हणतेस. तुझे कपडे घालून, तुझं नाव सांगून. आपले चेहरे पहिल्यापासून सारखेच, कुणाला पत्ता लागणार नाही, हेही त्याने वर ऐकवलं. पठ्ठ्याने निरोप अगदी घोकून ठेवला होता. मी त्याला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

तुझी नक्कल करण्यात मी जुनी आहे म्हणा. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, यावरच त्या सिनेमाचा सगळा डोलारा उभा होता. दिग्दर्शकाने आरसाच काढून टाकला, नुसती चौकट ठेवली आणि पलीकडे सुताराकडून तुझीच खोली उलटी बांधून घेतली. घड्याळाचे आकडेसुद्धा उलटे. त्या खोलीत मी, तुझं प्रतिबिंब. तू उजव्या हाताने केस विंचरायचीस, मी डाव्या. तुझ्या गालावरचा तीळ माझ्या दुसऱ्या गालावर पेन्सिलीने काढलेला. घरी जेवायला बसलो तरी समोरासमोर आपली तालीम चालायची आणि आई वैतागायची, जेवा गं नीट, माकडं कुठली!

लोकांना अजून वाटतं, व्हॅम्पायर झालेला तो नट फार गूढ माणूस होता. गूढ कसला, सर्दीने बेजार होता बिचारा. सुळे मेणाने चिकटवलेले, शिंक आली की संपलं. त्या शॉटला तो तुझ्या मागे येऊन उभा राहिला, झगा पसरला आणि त्याचा एक सुळा सुटून ओठावर लोंबायला लागला. कॅमेरा मागून तिरका लावलेला, त्याला नटाची पाठ आणि तुझा चेहरा एका बाजूने दिसत होता; तुझी नटाकडे पाठ होती. चौकटीतून ते ध्यान फक्त मला दिसत होतं. माझा ओठ थरथरला, हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. गेला शॉट, असं मनात म्हटलं. पण कशाचा काही पत्ता नसताना तुझाही ओठ तसाच थरथरला, तुझेही डोळे भरून आले. म्हणजे प्रतिबिंब मी, आणि माझ्यामागून तू! दिग्दर्शक बेहद्द खूश. पेपरात छापून आलं की इतकी जिवंत भीती पडद्यावर पूर्वी कधी पाहिली नव्हती. मी ते वाचून पोट धरून हसले होते.

लेक आणखीही बरंच बोलला. झटका आल्यापासून तुझा उजवा हात उचलत नाही, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, हे मला माहीत होतं. पण घरातले आरसे झाकलेस आणि शेजारीण आली तर तिला दारातूनच परत पाठवतेस, हे नवीन होतं. तो सांगत होता तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. घालतच राहिले.

तर ताई, मी तुझ्या जागी जाणार नाही. एवढं कळवायलाच हे लिहायला बसले. सत्काराला मी गेले आणि ते खपून गेलं, तर उद्या लग्नकार्यालाही मलाच पाठवशील, आणि तू मात्र त्या खोलीतून बाहेर पडणार नाहीस. मला याची भीती वाटते, खरीखुरी. मला तू हवी आहेस, वाकड्या तोंडाची असलीस तरी. संयोजकांना मी सांगून टाकलंय, नायिका स्वतः येणार आणि सोबत तिची बहीण येणार. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते. चिडशील, चीड. आलीस तर उत्तम. नाहीच आलीस, तर मीही तिथेच तुझ्याजवळ बसून राहीन. त्यांच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

तुझीच,
धाकटी