अमावास्येचे कावळे

मैलापूर, मद्रास
ता. १४ मार्च १९५८

ती. दादास,
अलकाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मे महिन्यात येऊन मला कायमची पुण्याला नेणार, सामान बांधून ठेव, म्हणतोस. त्याचं उत्तर देतेच, पण आधी माझ्या अंगणाच्या गमती ऐक. वहिनीलाही वाचून दाखव. अंगण म्हणजे काय, दोन लुगडी वाळत घातली की संपलं!

हे गेल्यावर घर नुसतं खायला उठायचं. पाखरं तरी यावीत म्हणून मी मागच्या दाराशी खटपट सुरू केली. आता बघशील तर ओळखणार नाहीस. फुटक्या माठाच्या बुडात पाणी भरून ठेवलंय, त्यात साळुंक्या अशा डुंबतात की माझं वाळत घातलेलं लुगडं पुन्हा ओलं. जास्वंदीवर शिंजीर येतो, अंगठ्याएवढा जीव, पण तोरा केवढा! खारी तर माजल्यात मेल्या. परवा एकीनं माझ्या हातातला शेंगदाणा पळवला.

सुरुवातीला मात्र कुणी फिरकेना. घरमालकीणबाईंच्या दारातल्या रांगोळीवर चिमण्या टिपताना पाहिल्या होत्या. विधवेनं रांगोळी कसली, असं मनात आलं, पण मागे कोण बघतंय म्हणून मीही पुण्याहून आणलेली पांढरीशुभ्र रांगोळी घातली. एक चिमणी येईल तर शपथ! घरमालकीण त्रिपुरसुंदरीबाई तंजावरकडच्या मराठी, त्या पाहून हसतच सुटल्या. "अगो, दगडाचं पीठ घालून कोणाला जेवायला बोलावलीस?" इथली रांगोळी तांदळाच्या पिठाची असते, मुंग्या-पाखरांनी खावी म्हणूनच. दुसऱ्या दिवशी तशी घातली, तर चहा होईपर्यंत निम्मी फस्त!

आणि कावळे. इथे जेवणाआधी रोज कावळ्याला भात ठेवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारच लावून घेतलं, आपल्याला कावळा म्हटलं की पिंडच आठवतो ना. आता मीही ठेवते. हाक मारली की येतात. मागच्या अमावास्येला मात्र ओरडून ओरडून घसा बसला, एक आला नाही. बाई म्हणाल्या, "आज घरोघरी पितरांचा भात, वडे. त्यांची पोटं फुटायला आली असतील. दुपार कलली की येतील बघ."

मी तिथेच पायरीवर बसले.

ह्यांचा दहावाही अमावास्येलाच आला होता, दादा. समुद्रकाठी आपण पिंड मांडून किती ताटकळलो! कावळा शिवेना. सगळे म्हणाले, ह्यांचा जीव माझ्यात अडकलाय. दुपार कलली तेव्हा तू हात जोडून म्हणालास, "अलकाला मी पुण्याला नेईन, जन्मभर सांभाळीन." आणि कावळा आला. त्या शब्दानं तू बांधला गेलास आणि मीही. आज शाळा, उद्या परीक्षा, असं करत मी टाळत राहिले. नको म्हणायची छाती होत नव्हती, ह्यांचा आत्मा दुखावेल असं वाटायचं.

दादा, तो कावळा जेवून आला होता रे! आपण काय बोललो ते त्याच्या गावीही नव्हतं. मी खूप हसले, आणि मग खूप रडले.

मला इथंच राहायचंय. शाळेतली शिवणकामाची नोकरी आता कायम झाली आहे. तुझ्या घरी मला कशाची उणीव पडणार नाही हे मी जाणते. पण तिथं मी तुझी विधवा बहीण असेन, आणि इथं मी माझ्या घरात आहे. सुखात आहे. हे वाक्य दोनदा खोडलं, तरी खरं आहे.

रागावू नकोस. मे महिन्यात जरूर ये, वहिनीला आणि मुलांना घेऊन ये, आंबे घेऊन ये. परतीची तिकिटं मात्र तुमची तेवढीच काढ.

ह्यांना दिलेल्या शब्दातून मी, ह्यांची बायको, तुला मोकळं करते.

तुझी, मद्रासची,
अलकनंदा